ओठांची कड

दिवाळी सरली की जिवतीच्या डोंगरावरचा वारा कोरडा होतो. कापसाची शेवटची वेचणी राहिलेली असते, तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागतात, आणि माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांचे ओठ फुटायला लागतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लहानसं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडर, मेंदीचे कोन. लग्नसराई जवळ आली की आणखी एका गोष्टीची मागणी वाढते. ‘ओठाची पेन्सिल द्या’ म्हणतात. लिप लायनर हा शब्द मोबाइलवर सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण बोलताना पेन्सिलच म्हणतात, आणि मलाही तेच बरं वाटतं.

मी पेन्सिल लगेच काढत नाही. आधी ओठ पाहते. थंडीने फुटलेल्या ओठांवर कितीही चांगली पेन्सिल फिरवली तरी रेघ सालपटांवर अडखळत जाते आणि तासाभरात तोंड मळल्यासारखं दिसतं. म्हणून सांगते, दातांनी सालं ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेला मऊ फडका ओठांवर धरून ठेवा, साल नरमलं की त्याच फडक्याने हलक्या हाताने पुसा. मग तेल किंवा तूप लावून ते मुरू द्या. रेघ ओढायच्या आधी वरचं तेल टिपून घ्या, नाहीतर रेघ घसरते. रंग मनगटावर लावून पाहू नका, बोटाच्या पेरावर पाहा; तिथली कातडी ओठांच्या रंगाच्या जवळची असते. आणि आपल्या ओठांपेक्षा नखभरच गडद घ्या. लोकांना ओठ दिसायला हवेत, रेघ दिसायला नको.

यंदाच्या थंडीत अशीच एक सासू-सुनेची जोडी आली. सून नवी, सासू पन्नाशी ओलांडलेली, कापूस वेचून बोटं खरखरीत झालेली. सुनेने स्वतःसाठी पेन्सिल निवडली आणि तशीच सासूची हनुवटी धरून तिच्या ओठांवरून फिरवली. सासू लाजली, ‘हट’ म्हणाली, पण हनुवटी सोडवून घेतली नाही. भिंतीवरच्या आरशात दोघी एकदम पाहू लागल्या. मी सुटे पैसे काढायच्या निमित्ताने गल्ल्यात खाली वाकले. बरगड्यांच्या खाली, नेमकी जागा सांगता येणार नाही अशा ठिकाणी, एक जुनी आग पुन्हा धुमसली. मला वाटलं होतं ती विझली.

ती आग ज्या हिवाळ्यात लागली, तो हिवाळा मला आजही वासांसकट आठवतो.

माझी माय वडशाजवळच्या एका गावात राहते. आमच्या घरचा धंदा मासोळीचा. गावच्या तलावात जाळं टाकायचं, हिवाळ्यात शिंगाडे काढायचे, आणि माल टोपलीत घेऊन वडशाच्या बाजारात बसायचं. बाप आम्ही लहान असतानाच गेला, तेव्हापासून माय आणि तलाव. कमरेइतक्या थंड पाण्यात उभी राहून ती शिंगाडे तोडायची. वरून वारा, खालून पाणी. तिचे ओठ पूस महिन्यात असे फुटायचे की बोलताना मध्येच थांबून ती जिभेने रक्त टिपून घ्यायची आणि पुढचं वाक्य बोलायची. ओठांना काही लावायचं असतं ही गोष्ट तिच्या लेखी नव्हतीच. तेल डोक्याला आणि जास्तीत जास्त टाचांना.

मला मात्र लहानपणापासून रंगांचं वेड. कॉलेजच्या गॅदरिंगला मैत्रिणीने तिची तपकिरी पेन्सिल माझ्या ओठांवरून फिरवली होती, ते तसंच ठेवून मी घरी आले. मायने हातातली मासोळी बाजूला ठेवली आणि पदराच्या टोकाने माझे ओठ घासून पुसले. मग म्हणाली की रंगवलेल्या तोंडाने तलावावर उभी राहशील तर मासोळ्याही हसतील. मी रडले, पण आतून मला कुठेतरी सुखही झालं होतं. माझं तोंड तिच्या दोन हातांत होतं. ती अशी जवळ घेणारी बाई नव्हती. आमच्या घरात माया म्हणजे ताटात पडणारा माशाचा मधला तुकडा.

लग्न होऊन मी जिवतीला आले. नवरा मूल गावाकडचा, धंद्यासाठी इथे डोंगरावर आलेला. दुकान आधी वह्या-पेनांचं होतं, मी त्यात बांगड्या आणल्या, मग पावडर, मग पेन्सिली. मायला हे सगळं फोनवर सांगायची तेव्हा ती हसायची आणि म्हणायची, करून घे बाई आता हौस. तिच्या हसण्यात माझी जागा पक्की आहे असं मी धरून चालले होते. सासरी गेलेल्या मुलींना माहेरची जागा कुलूप लावून ठेवल्यासारखी वाटते. आपण जाऊ तेव्हा किल्ली फिरवायची, आत सगळं जिथल्या तिथे.

मग माझ्या धाकट्या भावाचं, सुधाकरचं, लग्न झालं आणि पल्लवी आली.

पल्लवी चांद्याची. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाची मुलगी, पार्लरचा कोर्स केलेली, बोलण्यात निम्मी हिंदी. पुढच्या खोलीत, जिथे माझी लोखंडी पेटी असायची, तिथे तिने खुर्ची आणि मोठा आरसा लावला. पेटी आतल्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे गेली. तिने मला विचारूनच हलवली, हे सांगायला हवं. माझी परवानगी घेऊन, माझे कपडे नीट घडी करून, वर फडकं झाकून. ती वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं. शेजारणींना सांगायला काहीतरी मिळालं असतं. पण पल्लवी कामसू होती, हसरी होती, आणि मायला ‘आई’ अशी हाक मारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हा शब्द हिनेच पहिल्यांदा उच्चारला.

भाऊबीजेला गेले तेव्हा दारातच थबकले. अंगणात उन्हाला माय बसली होती, तोंड वर करून, डोळे मिटून. समोर पल्लवी उकिडवी. तिच्या हातात वाटी, वाटीत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल, थंडीने तुपासारखं गोठलेलं. ती ते बोटाच्या उबेने विरघळवत होती आणि मायच्या ओठांवर लावत होती. कडेकडेने, मग आत, मग दोन्ही कोपऱ्यांत. माय मांजरीसारखी स्वस्थ बसली होती. मी ‘माय’ म्हणून हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले, पण मान हलवली नाही. लावणं संपायचं होतं.

मी त्या दिवशी ओवाळलं, जेवले, हसले. पण परतताना गाडीत बसून सारखा एकच हिशोब करत होते. इतकी वर्षं मी त्या घरात राहिले. तिच्या अंगाला मालिश केली, डोक्यातल्या उवा काढल्या, तापात पाय चेपले. पण तिच्या ओठांना माझं बोट कधी लागलं नव्हतं. लावावं असं सुचलंच नव्हतं. आणि ज्या पोरीला सुचलं ती घरात येऊन वर्षही झालेलं नव्हतं. माझ्या दुकानात ओठांना लावायच्या डब्यांची अख्खी फळी आहे. एकही डबी मी माहेरी नेली नव्हती. तिचं असल्या गोष्टींशी वाकडं आहे, या समजुतीवर मी निवांत राहिले आणि दुसरीने ती समजूत एका सकाळी बोटाने पुसून टाकली.

त्यानंतर पूस लागला आणि एका सकाळी सुधाकरचा फोन आला. माय झोपून उठली ती तोंड वाकडं होऊनच. चूळ भरायला गेली तर पाणी डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. डावा डोळा मिटेना. गावात सगळ्यांनी लकवाच म्हटला. त्याने तिला ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हातपाय ठीक आहेत, हा लकवा मेंदूचा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या घ्या, डोळा जपा, गालाचे व्यायाम करा, हळूहळू येईल जागेवर. किती हळू, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी नवऱ्यावर दुकान आणि पोरं सोपवून निघाले. आधी बस, मग चांद्याहून रेल्वे. खिडकीबाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, तणसाचे ढीग, मध्येच एखाद्या तलावाचं पांढरं पाणी. वडशाला उतरले तेव्हा नाटकांच्या जाहिरातीच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या, हिवाळ्याचे नेहमीचे दिवस होते. पण माझ्या मनात एक वेगळीच घाई होती, आणि ती नुसती काळजीची नव्हती. आता तिला लेक लागेल, असं मला वाटत होतं. सुख असताना सून, पण दुखण्यात लेकच. हे मी सगळ्या बायकांकडून ऐकत आले होते.

माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझा आवाज ऐकून तिने आधी पदर घेतला, नाकापासून खाली, आणि मग वळली. मी जवळ गेले, पदराला हात लावला, तिने घट्ट धरून ठेवला. बोलली ते त्याच्या आडूनच, बोबडं, अर्धे शब्द गळत. कशी आलीस, पोरं कोणाकडे, गाडीत जागा भेटली का. मी तोंड दाखव म्हटलं. तिने मान हलवली. मी जास्त लावून धरलं नाही, दमली असेल म्हणून.

मग पल्लवी आतून भाताची पेज घेऊन आली, आणि माझ्या देखत मायने पदर खाली केला. भिंतीकडे वळून, माझ्याकडे पाठ करून, पण तिच्यासमोर पूर्ण उघडा. पल्लवी डाव्या गालाला हाताने आधार देत चमच्याने पेज भरवत होती, गळलेली टिपून घेत होती, काहीतरी बडबडत होती. मला फक्त मायचा अंबाडा दिसत होता. मी त्या खोलीत पाहुणी होते.

ते दिवस तसेच गेले. माय बाजारात जाईना, तलावावर जाईना. कोणी दारात आलं की आत. जेवण भिंतीकडे. टोपली छपराखाली पालथी पडलेली, जाळं दोरीवर वाळून कडक झालेलं. सुधाकर एकटाच पहाटे पाण्यात उतरायचा. डॉक्टरने सांगितलेले व्यायाम, गाल फुगवणं, ओठांचा चंबू करणं, शिट्टी वाजवायचा प्रयत्न, हे सगळं ती पल्लवीसोबत आतल्या खोलीत, दार लावून करायची. मधूनच दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर तांदूळ निवडत बसायची आणि खडे नसलेल्या ताटात खडे शोधायची.

मत्सराबद्दल मी एक शिकले. तो शत्रूचा वाटत नाही, आपल्या माणसाचाच वाटतो. शेजारणीला सोन्याची पोत मिळाली तर दोन दिवस चुटपुट लागते. पण आपल्या मायचं उघडं तोंड दुसऱ्या कोणाला पाहायला मिळतं आणि आपल्याला नाही, ही गोष्ट जेवताना घासासोबत खाली उतरते. आणि वरून लाज वाटते, कारण म्हातारी आजारी आहे, कोणीतरी तिचं करतं आहे, आणि आपण काय मोजत बसलोय.

अशात माघातलं मामाच्या मुलीचं लग्न आलं. मामा म्हणजे मायचा एकुलता भाऊ, वैनगंगेच्या पलीकडच्या गावात राहणारा. त्यांच्या घरचा रिवाज असा की नवरीला पहिली हळद आत्याने लावायची. आत्या एकच, माझी माय. तिने निरोप पाठवला की मी येत नाही. मामा स्वतः आला. अंगणात बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला की बहिणीचा हात लागल्याशिवाय हळद होणार नाही, पोरीला तसंच बोहल्यावर उभं करतो. एवढंच बोलून तो उठून गेला. माय पदराआड रडली. वाकड्या तोंडाने रडणं तिला आणखी जड जात होतं, ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

तेव्हा पल्लवी म्हणाली, ‘आई, मी तोंड सरळ नाही करू शकत. पण सरळ दिसेल असं करून देते. नाही जमलं तर नका जाऊ.’

मायने पदराने डोळे टिपले. मग विचारलं, कोणाले समजन का. पल्लवी म्हणाली, तुम्ही हसल्या नाहीत तर नाही समजणार.

हळदीच्या आदल्या दिवसापासून तयारी चालली. पल्लवी कोमट फडका धरायची, मग टोळीचं तेल, मग पुन्हा काही वेळाने तेल. हे सगळं मी ग्राहकांना रोज सांगते, शब्दन् शब्द. मी येताना दुकानातून मूठभर पेन्सिली पिशवीत टाकून आणल्या होत्या. का आणल्या, सांगता येत नाही. आजारी मायकडे जाताना कोणी लायनर नेत नाही. कदाचित भाऊबीजेनंतर मनात कुठेतरी होतं की एकदा मीही. मी त्या पल्लवीसमोर ठेवल्या. तिच्या स्वतःच्या पेन्सिली नवरीमुलींसाठीच्या, लालसर, चकाकत्या. मायचे ओठ सावळे, मधे थोडी गुलाबी झाक, कडेला काळपट. पल्लवीने एकेक रेघ मायच्या बोटाच्या पेरावर ओढून पाहिली. माझ्यातली एक होती, वाळलेल्या मोहफुलाच्या रंगाची, मऊ, न ओढणारी. ती मी जिवतीत बहुतेक सगळ्या सावळ्या बायकांना देते.

‘ताई, तुमचीच बरोबर आहे,’ पल्लवी म्हणाली. आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘तुम्हीच करा ना. तुमचा हात बसलेला आहे, मी तेल-पाण्याचं पाहते.’

तिने हे मनापासून म्हटलं. मी पेन्सिलला टोक काढलं, थंडीने कडक झाली होती म्हणून तळहातात घोळवून ऊब दिली, आणि मायसमोर बसले. मी तिच्या पदराकडे हात नेला.

मायने पदर वर ओढला. ‘तू नको, शालू,’ ती म्हणाली. ‘तिले करू दे.’

मी पेन्सिल पल्लवीच्या हातात ठेवली आणि बाहेर आले. अंगणात शिंगाड्यांची टरफलं वाळत पडली होती, काळी, टोकेरी. मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. खिडकीला पडदा नव्हता. पल्लवीची पाठ दिसत होती, आणि तिच्या गुडघ्यांवर ठेवलेले मायचे दोन हात. माझ्या मायचे हात. मासोळ्या साफ करून करून नखांच्या कडा काळ्या पडलेले ते हात दुसरीच्या गुडघ्यांवर असे टेकले होते, जसं लहान मूल केस विंचरून घेताना ठेवतं. मला खिडकी फोडावीशी वाटली. माझीच पेन्सिल, मीच निवडलेला रंग, मीच दिलेली ऊब.

पल्लवीने काय केलं ते मला न पाहताही कळत होतं, कारण मीही तेच केलं असतं. डावा कोपरा खाली ओघळला होता, तिथे रेघ खऱ्या कडेपेक्षा किंचित वर घ्यायची. उजव्या बाजूला उलट, कडेच्या थोडी आत. वरच्या ओठाच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे, आणि कोपऱ्यांतून पुन्हा मध्याकडे. मग बोटाने रेघ आत पसरवायची, म्हणजे रेघ राहत नाही, फक्त ओठ राहतात. वरून पावडरचा हलका हात. चकाकी अजिबात नाही, चकाकणारी गोष्ट नजर ओढते.

माय बाहेर आली ती पदर खांद्यावर घेऊन. तोंड उघडं. आल्यापासून मी पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं, आणि पाहिलं ते पल्लवीने नीट करून दिलेलं. ती तरुण दिसत नव्हती, सुंदर दिसत नव्हती. बाजारात टोपलीमागे बसणारी माझी माय दिसत होती. डावा डोळा तेवढा जास्त उघडा. सुधाकर रिक्षा घेऊन आला होता, तो तिच्याकडे पाहून एकदम दुसरीकडे पाहू लागला.

लग्नघरी सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. कोणी लकव्याचं ऐकलं होतं, कोणी नाही. माय कमी बोलली, मान हलवून उत्तरं दिली. हळदीच्या पाटाशी बसून तिने भाचीच्या गालांना, हातांना, पायांना हळद लावली. मामा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. पल्लवी मायच्या मागे वाटी धरून बसली होती. नवरदेवाकडच्या एका म्हातारीने माझ्या शेजारी बसून मला विचारलं, ती मागे बसली ते लेक ना तिची, कशी जपून राह्यली मायले. मी म्हटलं, सून आहे. म्हातारी म्हणाली, नशीबवान बाई हाय मग. मला काय म्हणायचं होतं ते मी तिथेच गिळलं.

मग भाचीने हळदीचा हात उलटून आत्याच्याच नाकाला लावला, सगळ्या हसल्या, आणि माय हसली. उजवी बाजू वर गेली, डावी जागेवरच राहिली. सगळ्यांना दिसलं. बायकांचं हसणं थांबलं. मी वाट पाहत होते की ती पदर ओढेल. तिने ओढला नाही. एकदा हसून झालंच आहे तर, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. ती पुन्हा हसली, आणि मग सगळ्याच हसल्या.

संध्याकाळी बायका जेवणावळीकडे गेल्या तेव्हा ती एकटी मांडवाच्या कडेला बसली होती. मी जाऊन शेजारी बसले आणि विचारलं, ‘मले काऊन नको म्हटलं?’

बोलताना डाव्या कोपऱ्याला बोटाने आधार द्यायची तिला सवय लागली होती. तसं करून ती म्हणाली, ‘तिनं माहं तोंड कितीक पाह्यलं? एक साल. तिले जे दिसते तेच माहं तोंड. तू जलमापासून पाह्यलं. तू पाहाशीन तं तुह्या डोऱ्यात मले माहं जुनं तोंड दिसन. मंग मी नाई येऊ शकली असती इथी.’

उत्तर खरं होतं. ते ऐकून मला समाधान वाटायला हवं होतं, की मी इतकी जवळची म्हणून नको झाले. पण जवळची म्हणून नको होण्यात कसलं सुख. मी तिचा हात धरून बसले आणि आतून जळतच राहिले.

फाल्गुन येईपर्यंत तिचं तोंड बरंचसं जागेवर आलं. ती पुन्हा तलावावर गेली, बाजारात बसली. पल्लवीचं पार्लर चाललं. दरवर्षी हिवाळ्यात फोनवर मला मायच्या ओठांची खबर मिळते, पल्लवीनं हे लावलं, पल्लवीनं ते आणलं. मीही डब्या पाठवते. त्या वापरल्या जातात की फळीवर राहतात, मी विचारत नाही.

यंदा पल्लवीला दिवस गेले आहेत. सातव्या महिन्यात ती चांद्याला माहेरी गेली, आणि माय पहिल्यांदाच जिवतीला माझ्याकडे राहायला आली. सासू-सुनेची ती जोडी दुकानात येऊन गेली, त्याच्याच पुढच्या आठवड्यात. मी किती खूष होते ते सांगायला नको. पण माय उठल्यापासून पल्लवीचंच बोलायची. पल्लवी भाजी अशी चिरते. पल्लवीले खारट लागून राह्यलं आता. पल्लवीले पोरगीच होईन. मी हं हं करत भाकऱ्या थापत होते.

परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी ती उन्हाला बसली होती. डोंगरावरच्या वाऱ्याने तिचे ओठ फुटले होते, आणि पूर्वीसारखीच ती बोलता बोलता जिभेने रक्त टिपत होती. मी कोमट पाण्याचा फडका घेऊन समोर बसले. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा ‘नको’ ऐकावं लागलं असतं. फडका ओठांना लागला तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग डोळे मिटून हनुवटी वर केली.

डावा कोपरा अजून किंचित खाली आहे. इतक्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी साल नरम होऊ दिलं, पुसलं, तेल लावलं. कडेकडेने, मग आत, मग दोन्ही कोपऱ्यांत. ती डोळे न उघडता म्हणाली, ‘हळू. पल्लवीचा हात हलका हाय.’

मी हळू केलं.

तेवढ्यात तिच्या फोनवर पल्लवीचाच व्हिडिओ कॉल आला. मायने फोन तोंडाशी इतका जवळ धरला की पलीकडे फक्त ओठच दिसत असतील. म्हणाली, ‘पाह्य, शालूनं लावून देल्लं. एकदम मऊ झाले.’

पलीकडे पल्लवी हसली. म्हणाली, ‘मग आता माझी काय गरज, आई. तिकडेच राहा.’

हसण्यात बोललेलं होतं ते. मायला हसणंच ऐकू आलं, ती पोटातल्या पोराची चौकशी करायला लागली. पण मी तेलाची बोटं पदराला पुसत होते आणि मला त्या आवाजाच्या तळचं सगळं ऐकू आलं. तो आवाज मी चांगलाच ओळखते. इतकी वर्षं तो माझ्याच गळ्यात होता. अवघडलेली पोरगी, माहेरात पडून, आणि तिच्या म्हातारीच्या ओठांना दुसरीचं बोट लागलेलं. तिला काहीतरी बोलावं, अगं तुझाच हात हलका म्हणाली ती, असं सांगावं, हे मला सुचलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी दुकानाचं शटर वर केलं. झाडू मारला, फळीवरच्या पेन्सिली सरळ केल्या. खूप दिवसांनी मला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.